बिगफूटची कातरणी

मंजुळाबाईनं बिगफूटला, अमेरिकेच्या जंगलातून आलेल्या त्या केसाळ राक्षसाला, कातरून ठेवलं होतं. मेंढरांची कातरणी चालली होती, कातर हातातच होती आणि हा गडी करमाडच्या उन्हात घामोळ्यांनी हैराण. तिनं त्याला मेंढरांसारखंच आधी धुतलं, मग डोक्यापासून पायापर्यंत साफ केलं. स्वतःच्याच तांबड्या लोकरीच्या ढिगाशेजारी एक साडेसहा फुटी, गुळगुळीत माणूस आखूड धोतरात चहा पीत बसला होता. बिगफूटांत तो तसा बुटकाच.

"आये, काय केलंस गं हे! उद्या कंपनीच्या मॅडम येणारेत!" बिरू कपाळाला हात लावून ओरडला.

"वाढतील की केस दिवाळीपर्यंत. लेकराच्या अंगाची नुसती आग होत व्हती."

लेकराचं वय दोनशेच्या पुढं होतं. दोन वर्षांपूर्वी भटकत भटकत ते यांच्या मेंढरांत येऊन झोपलं आणि उठायचं नावच घेईना. बिरूची वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सुटलेली. त्यानं मोबाइल समोर धरला आणि बिगफूट बाजेवर लोळत अमेरिकेचा इतिहास सांगू लागला. सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला लोक कसे येड्यासारखे पळाले, डोंगर फोडून रेल्वे कशी आली, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. पण लपून. माणूस दिसला की हा मुक्काम हलवायचा. कुणी बंदूक काढायचा, कुणी कॅमेरा.

त्या व्हिडिओंवर लाखो लोक फिदा झाले. आता मुंबईची कंपनी त्याला आपल्या पार्कात काचेच्या खोलीत ठेवणार होती. बाहेर तिकीट, आत इतिहास. बिरू मॅनेजर. बिगफूटला विचारलं, तर तो म्हणाला, "चालतंय की." त्याला सगळंच चालायचं.

मॅडमला लोकर दाखवू, दिवाळीपर्यंत थांबा म्हणू, असं बिरूनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिगफूट चहापत्ती आणायला एकटाच करमाडात गेला. परतला तो डोळे पुसत.

"कुणी मारलं का काय?" बिरू घाबरला.

"नाय. हॉटेलात बाकावर बसलो व्हतो. एक म्हातारा आला आन् म्हणला, सरक की जरा, सगळं बाकडं तुझंच हाय का?" त्यानं बाजेवर बसून, सरकून दाखवलं. "मी सरकलो, बिरू. मंग तो बसला. माझ्या शेजारी!"

हे त्यानं दुपारपर्यंत चार वेळा सांगितलं. सोन्याची अन् रेल्वेची गोष्टसुद्धा त्यानं कधी इतकी रंगवली नव्हती. चहापत्ती मात्र विसरला होता.

तेवढ्यात गाडी आली. कंपनीच्या श्रेया मॅडम कराराचे कागद घेऊन उतरल्या. अंगणभर मेंढरं, मंजुळाबाई, बिरू आणि एक उंच, टकला माणूस.

"बिगफूट कुठाय?" त्यांनी विचारलं.

बिगफूट सवयीनं उठू लागला. न्यायला आले, चालतंय. बिरूला वाळूजच्या पहिल्या शिफ्टची बस आठवली. पहाटे पाचला सुटायची. मॅनेजरकी गेली, तर पुन्हा तीच धरावी लागणार होती. तरी त्यानं बिगफूटचा खांदा दाबून त्याला परत बाजेवर बसवलं.

"गेला तो, मॅडम. कुठं गेला, काय ठावं नाय."

"आणि हे कोण?"

"हे व्हय? हे माझे मामा. सिल्लोडचे. पहिल्यापासनंच असे उंच हायेत."