घरी घेऊन जा

अन्नपूर्णाचा गुडघा बदलून दोनच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, "आता इथं ठेवायची गरज नाही. उद्या घरी घेऊन जा."

तिचा नवरा खुशाल घाबरला. गावच्या निर्मलाबाईला याच ऑपरेशनला पंधरवडाभर ठेवलं होतं. आणि त्याच्या थोरल्या भावाला असंच घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तो वाटेतच गेला होता.

त्यानं गुपचूप पोरीला फोन लावला, "अल्का, सप्पा नातेवाइकायले घरी बलावून घे."

दुसऱ्या दिवशी गाडीत, बिरसी गाव येईपर्यंत, तो बायकोचा हात धरून तिचा श्वास न्याहाळत राहिला.

गाडी थांबली. वॉकर टेकत अन्नपूर्णा खाली उतरली आणि अंगणातली रडवेली गर्दी पाहून जागीच थबकली.

"काऊन जी, आपल्या घरी कोन गेलं?"