साखळीतली पाल

धप्प! पुस्तकांचा गठ्ठा उंबऱ्यावर पडला आणि साखळी थांबली.

"कोण रे तो?" आतून ग्रंथपाल ताई ओरडल्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वाचनालयातली सगळी पुस्तकं अंगणात ऊन खायला यायची. कपाटांपासून अंगणातल्या चादरींपर्यंत माणसांची साखळी. पोरंसोरं, त्यांचे आईबाप, ज्याला सवड असेल तो. पुस्तकं या हातातून त्या हातात. नियम एकच: साखळी ज्याच्यामुळे तुटेल, त्यानं सगळ्यांच्या बाटल्या नळावर भरून आणायच्या.

उंबऱ्यात अण्णा उभे होते. जन्मभर त्यांनी हे वाचनालय सांभाळलं, साखळीची कल्पनाही त्यांचीच. आता हात थरथरायचे. गठ्ठा त्यांच्याच हातून सुटला होता.

ताई दारात आल्या. "अण्णा, कशाला जिवाला त्रास? सावलीत खुर्ची टाकते. तुम्ही नुसतं बघा."

अण्णांनी चौकट घट्ट धरली.

त्यांच्या पुढचा माणूस म्हणजे गॅरेजवाला. टक्कल पडलं तरी सगळी गल्ली त्याला उचापतीच म्हणायची. खुर्चीत बसवलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात घराबाहेर पडत नाही, हे त्यानं स्वतःच्या बापाच्या बाबतीत पाहिलं होतं.

"ओ ताई, त्यांना काय बोलता? मी गुदगुल्या केल्या."

पोरं खिदळली. "शिक्षा! शिक्षा!" उचापती मुकाट्यानं बाटल्या भरून आला.

शिक्षा त्याला नवी नव्हती. अर्ध्या चड्डीत असताना ह्याच साखळीत त्यानं गठ्ठ्यावर रबराची पाल ठेवून दिली होती. अर्धी साखळी बोंबलत रस्त्यावर! अण्णांनी पाल खिशात घातली. "शहाणा झालास की परत देईन." तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो विचारायचा, "अण्णा, माझी पाल?" अण्णा खिशावर हात ठेवून त्याला चष्म्यावरून न्याहाळायचे. "अजून नाही." आज सकाळीही तेच झालं होतं.

पुन्हा धप्प.

"माझंच चुकलं, पायावर पाय दिला," उचापती म्हणाला.

"काका, तुम्ही तर तिकडे बघत होतात!" एक चिमुरडी म्हणाली.

"गप गं भवाने, तुझी बाटली भरणार नाही हं."

तिसऱ्यांदा पुस्तकं पडली तेव्हा ताईंचा पारा चढला. "उचापतीकाका, पुरे झालं! सगळ्यांचा खोळंबा होतोय. व्हा बाजूला. तुम्हीच बसा त्या खुर्चीत."

उचापतीचं तोंड उतरलं. तो बाजूला झाला की पुढच्या वेळी अण्णांची चूक अंगावर कोण घेणार?

"राहू दे गं त्याला," अण्णा म्हणाले. "खोड आहे ती, जित्याची. इथंच असू दे, माझ्या डोळ्यांसमोर. मी बघतो त्याच्याकडे."

ताई पुटपुटत आत गेल्या. साखळी हलली. आता उचापती एक पाऊल मागे सरकून उभा होता. गठ्ठा अण्णांच्या हातात यायच्या आत त्याचा हात खालून लागलेला असायचा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

कपाटं रिकामी झाली. अण्णांनी शेवटचा गठ्ठा स्वतःच पुढे केला. उचापतीनं तो छातीशी धरला, तर वर काहीतरी गार, मऊ, हिरवट.

"आई गंऽऽ!"

पुस्तकं चहूकडे, उचापती थेट चादरीवर. पोरं पोट धरून लोळली. पाल उंबऱ्यावर उताणी पडली होती. रंग उडालेला, शेपटीचं टोक चावलेलं. कुणी चावलं होतं ते उचापतीला चांगलं आठवत होतं.

ताई धावत आल्या. "आता कोणी तोडली साखळी?"

"मी," अण्णा ऐटीत म्हणाले आणि बाटल्या गोळा करायला लागले.

नळाखाली त्यांचा हात हलत होता, अर्धं पाणी बाहेर सांडत होतं. उचापती शेजारी नुसता उभा होता. बाटलीला त्यानं हात लावला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशातून पालीची शेपटी बाहेर डोकावत होती.