बसून दाखव

परदेशातल्या मुलाने निवडलेली छोटी मोटारसायकल व्हिडिओ कॉलवर पाहताच गॅरेजच्या मालकीणबाई कडाडल्या, "तुझ्या देहाला हे खेळणं? बस तिच्यावर. मागची स्प्रिंग किती दबते, पाहू दे." "दिसते लहान, पण दणकट आहे, आई." "बस म्हणते ना!" फोन दुकानदाराच्या हाती देऊन, जाडजूड कोट सावरत तो नाइलाजाने बसला. घरच्या प्रत्येक गाडीला गुडघे टेकायला लावणारा हा गडी. पण स्प्रिंग जेमतेम बोटभर दबली. मालकीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दाढीवाला चेहरा रोजच दिसत होता. कोटाआड तो किती उरला, हे आज कळले. "कधीपासून आजारी आहेस?" त्याने मान फिरवली. "दुकानदार खोळंबलाय, आई. घेऊ का ही?" कधी कुणापुढे न नमलेला त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. "घे. मागची सीट मात्र रुंद बसव. मी येतेय."