रडकं वाजत नाही

विलासच्या ताईसाठीच्या त्या गाण्याबद्दल लिहायचंच नाही, असं निनादने जवळपास ठरवलं होतं.

त्याच्या मित्राची, विलासची, ताई वारून आठवडा झाला, तरी विलासच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "भावा, एखादा रडका ट्रॅक बनव," विलास म्हणाला. "मोकळा तरी होईन."

दुःखाला कोमल गंधार लागतो, एवढं निनादने वाचलं होतं. तो सिंथवर दाबला की मशीन आपोआप आनंदी, शुद्ध गंधार वाजवायचं. रडकी गाणी माणसाला दुबळं करतात, असं प्लेटो म्हणून गेला. त्यावरून सरकारने या दोघांच्या जन्माआधीच रडक्या सुरांवरची बंदी प्रत्येक वाद्यात बसवून टाकली होती. बीटसुद्धा कवायतीची झाली, आणि विलासचा पाय ठेका धरू लागला. त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"बंद कर रे! ताईच्या फोटोसमोर नाचतोय मी!"

निनादने मशीन बंद केलं आणि स्वतःच गुणगुणायला लागला. गळ्यावर कुणाचा कायदा? पण गळाही पुन्हा पुन्हा त्याच आनंदी सुरावर घसरत होता. जन्मात दुसरं काही कानावर पडलंच नव्हतं.

"राहू दे," विलास म्हणाला. "मी मेलो तर काय वाजवशील?"

"काहीच नाही. शप्पथ. आणि कुणाला वाजवूही देणार नाही."