प्रसादाच्या गोळ्या

दहिसरच्या चाळीत डॉक्टर वनमालाला होमिओपॅथीचा दवाखाना उघडून वर्ष होत आलं, तरी पेशंट फिरकेना. मग एका रविवारी सकाळी घसा बसलेले कीर्तनकारबुवा आले. तिने गोळ्या दिल्या, वर दिवसभर मौन पाळायला लावलं. संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा सोडून मंडळी देवळात जमली, आणि बुवांचा आवाज असा खणखणीत लागला की मृदंगालाही चेव चढला. “या पोरीच्या गोळ्यांचा गुण!” बुवांनी भर कीर्तनात तिच्याकडे बोट दाखवलं. आरती होताच अख्खी चाळ तिच्यापुढे हात पसरून उभी. “अहो, हा प्रसाद नाही! आधी आजार सांगा, मगच गोळी.” दोघेतिघे तोंड वाकडं करून निघालेही. आता दवाखान्याला टाळंच, असं तिला वाटलं. तेवढ्यात रांगेत पुढे असलेल्या द्रौपदीआजींनी तिला सतरंजीवर बसवलं. “आजार होय? लग्नाआधीपासून सांगते, ऐक!” मागची रांगही मांडी घालून ऐकायला बसली.