प्रमिला हर्डीकर बंदर

माझा धाकटा भाऊ दिगंबर आमच्या संगणकावर अवकाशयानाचा खेळ खेळत होता. इंधन संपत आले होते. जवळ एकच बंदर होते आणि तेथे न उतरल्यास महिनाभर खेळून मिळवलेले यान नष्ट होणार होते. त्याने बंदराचे नाव मोठ्याने वाचले आणि तो थबकला.

"दादा, हे तर वहिनींचं नाव."

"तिचंच," मी म्हणालो. खेळ रचणाऱ्यांनी बंदरांना हौशी आकाशनिरीक्षकांची नावे दिली होती. माझ्या बायकोने, हिने, वर्षानुवर्षे गच्चीवरून ताऱ्यांच्या तेजातले बदल टिपून वेधशाळांना कळवले. तिच्या दुर्बिणीचा सांगाडा मी तंत्रनिकेतनात शिकलेल्या हातांनी जोडला. त्या दुर्बिणीला दिगंबर 'वहिनींची तोफ' म्हणत असे आणि "आभाळात बिऱ्हाड करायचंय का?" असे चारचौघांत विचारत असे. ही हसून भिंग पुसत बसे.

पडद्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. उतरण्यापूर्वी बंदराची परवानगी घेणे आवश्यक होते आणि त्यासाठी एक बटण दाबणे पुरेसे होते. दिगंबरने मात्र बटणावरचा हात काढला, तो खुर्चीतून उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"वहिनी, उतरू का?"

शेंगा सोलता सोलता हिने तेथूनच चष्म्यावरून पडद्याकडे पाहिले.

"या, भाऊजी. वेग तेवढा कमी करा. माझ्या दारात आपटू नका."