सातवा आरसा

“साडेतीन हजार,” मेकॅनिक म्हणाला आणि लोंबणाऱ्या आरशाला त्याने बोटाने हळूच टिचकी मारली.

“आणि नुसती काच बसवली तर?” मास्तरांच्या लेकीने विचारलं.

“नुसती काच आता येत नाही, ताई. घ्यायचा तर अख्खा आरसाच. त्यातून ही गाडी बनणं बंद होऊन बारा वर्षं झाली. हा एक तुमच्यासाठीच शोधून ठेवला होता.”

डाव्या आरशाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दवाखान्यात जाण्याच्या आधीच्या आठवड्यात आईने ती गुंडाळली होती. शिवणकाम करणारीचा हात; पट्टीसुद्धा मापात कापलेली, टोकावर टोक बसवलेलं. आईला जाऊन पाच महिने झाले होते. ती पट्टी सोडवायची या नुसत्या विचाराने लेकीला भरून आलं.

पण बाबांनी सकाळीच बजावलं होतं. रविवारी त्यांचा सत्कार होता. चाळीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं, आणि पाटीवर त्यांच्या नावाखाली एकच ओळ होती, ‘आजवर एकही ओरखडा नाही.’ विद्यार्थी त्यांना याच गाडीतून मिरवत नेणार होते. फुटका आरसा कसा चालणार?

“कितवा हो हा?” तिने हसायचा प्रयत्न केला.

“फुटलेला सहावा. आता बसवतोय तो सातवा.”

सहाही आरसे आईच्या नावावर होते. घराच्या फाटकाचा डावा खांब आणि आई, यांचं म्हणे जुनं वैर. लेक शाळेतून घरी यावी तर आरसा लोंबत असायचा, आई गुपचूप कापड बेतत बसलेली असायची आणि बाबा आल्यागेल्याला रंगवून सांगत असायचे, “जगाला गाडी शिकवली, पण आमच्या सरकारांपुढे हात टेकले बुवा!” आईला ते सरकारच म्हणत. ऐकणारे पोट धरधरून हसत. आईही हसायची, सगळ्यांच्या आधी.

आरशाचे पैसे मात्र ती शिवणाच्या कमाईतून भरायची. शिवणयंत्राला मोटर बसवून घ्यायची तिची फार इच्छा होती. दर आरशागणिक ती मोटर पुढच्या वर्षावर जायची. एकदा तिने मावशीकडे एकटीने गाडी घेऊन जायचं काढलं, तीन तासांचा रस्ता. “सरकार, आधी फाटक तर जिंका,” बाबा म्हणाले होते. त्यावर सगळ्यांत मोठ्याने लेकच खिदळली होती. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आज ते आठवून लेकीला स्वतःचाच राग आला.

मेकॅनिकने पट्टीला कात्री लावली.

“कापू नका,” ती घाईने म्हणाली. “जुना आरसा आहे तस्सा काढून द्या. घरी नेणार आहे मी.”

त्याने कात्री बाजूला ठेवली. “काकू स्वतः आणायच्या गाडी. आमचा हा बोळ बघताय ना? भलेभले इथे दोन-दोनदा मागेपुढे करतात. काकू एका दमात आत. भिंतीला कधी गाडी टेकली नाही त्यांची.”

“मग फाटकाशीच काय वाकडं होतं तिचं?”

मेकॅनिक फडक्याला हात पुसू लागला. स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिला. “मला मास्तरांनीच शिकवलं, ताई. मी काय बोलणार?”

गुरूच्या बायकोची थट्टा करायला संकोचतोय बिचारा, असं तिला वाटलं. तिने पैसे दिले आणि जुना आरसा शेजारच्या सीटवर जपून ठेवला.

घरी पोचली तेव्हा बाबा फाटकाशीच उभे होते. नव्या आरशावरून त्यांनी हात फिरवला. “झकास! आता उतर तू, आत मी घेतो. आईची लेक तू, खांब तुलाही ओळखायचा.”

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. बाबांच्या हाती किल्ली देऊन ती जुना आरसा पोटाशी धरून घरात गेली. आईच्या शिवणयंत्रावर पांढरं कापड घातलेलं होतं. निळी पट्टी वर येईल असा आरसा तिने त्यावर ठेवला.

“आई, सुटला गं तुझा खांब,” ती म्हणाली.

बाहेर इंजिन गुरगुरलं. मग काहीतरी काडकन मोडलं. तो आवाज तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता.

ती दाराशी धावली. नवा आरसा खांबापाशी लोंबत होता. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. लेक दारात आलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी आधी रस्त्यावर कोणी नाही ना ते बघून घेतलं आणि मग जुन्या सवयीने, दबक्या आवाजात घराकडे हाक मारली, “सरकार, हाही तुमच्या नावावर घ्या हो.”